अण्णांचं रहस

विजय नगर, इंदूर
१२ ऑगस्ट २०२४

हृषी,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टाने पाठवतेय. अक्षर ओळखून न वाचता फाडणार नाहीस एवढी आशा.

तुझी सुरभी अधूनमधून रविवारी माझ्याकडे येते हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. बाबांना सांगू नकोस असं ती कधी म्हणाली नाही, म्हणून सांगतेय. सिमरोलहून कॉलेजच्या बसने येते, खाली पार्किंगमध्ये माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसते आणि लोकांच्या हातात काविळीच्या पुड्या देते. आपले अण्णा गेल्यावर मी मिलजवळचं घर सोडून या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा वाटलं होतं की आता कावीळवाले येणार नाहीत. पण आले. विचारत विचारत आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "मॅडम, ये कोई दवाखाना थोड़ी है." आणि त्यांच्या साडूला कावीळ झाली तेव्हा तेच त्याला घेऊन खाली उभे.

सुरभी म्हणाली, सुट्टीत तू तिच्या बॅगेतली पुडी काढून घेतलीस आणि हैदराबादला तुझ्या लॅबमध्ये तपासायला दिलीस. काय निघालं रे? आणि जे निघालं त्यावर तुझा विश्वास बसला का?

तिने आणखी एक विचारलं. "आत्या, आपण याला रहस का म्हणतो? रहस्यचा शॉर्ट फॉर्म है क्या?" मला सांगता येईना. आपल्या घरात आजोबांपासून 'रहस' म्हणतात. रविवारी रहस द्यायचं, रहस घेतलं की तळलेलं बंद. त्याला काही अर्थ असेल असं आपल्याला कधी वाटलंच नाही. मी वरच्या मजल्यावरच्या कुमुदिनीताईंना विचारलं. त्या कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. म्हणाल्या, "शॉर्ट फॉर्म नव्हे, उलटं आहे. रहस् हा आधीचा शब्द. रहस् म्हणजे एकांत, निर्जन जागा. अशा जागी सांगायचं ते रहस्य."

"म्हणजे लपवलेलं?"

"लपवण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. झाकून ठेवलेलं ते गुह्य. गुहा त्यातलीच. रहस्याचा धातू रह्. सोडणं, टाकून जाणं. विरह शब्दही त्यातूनच आला."

मी जिना उतरताना अडखळले. आपल्याकडे तर सगळे रहना म्हणजे थांबणं समजतात. कहाँ रहते हो, यहीं रहो. राहणं आणि टाकून जाणं एकाच धातूतून कसं निघेल? परत वर जाऊन तेही विचारलं. त्या म्हणाल्या, "रहना, राहणं तिथूनच आलं का याबद्दल मी खात्रीने सांगणार नाही." त्यांनाच खात्री नाही, तर मी सुरभीला काय सांगू?

हृषी, अण्णा शेवटचे अंथरुणावर होते त्या दुपारी त्यांनी तुला खोलीबाहेर जायला सांगितलं. मला थांबवून घेतलं. मी दार उघडलं तेव्हा तू विचारलंस, "काय सांगितलं?" आणि मी म्हटलं, "काही नाही." तेराव्यानंतर तू गेलास तो गेलासच. तीन वर्षं मी याच दोन शब्दांभोवती फिरतेय. ते खरं होतं की खोटं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना वचन दिलंय, एवढंच आज लिहू शकते.

मंजिरीताई

*

२६ ऑगस्ट

हृषी,

सुरभी माझ्याकडे आहे. घाबरू नकोस. विनीताला मी फोन केला होता, तिला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, "ताई, इतक्यात यांना तुमच्याकडे आहे म्हणून सांगू नका, उगाच भडकतील. मी हॉस्टेलमध्येच आहे असं सांगितलंय." मला ते पटलं नाही. आजारी मुलीचा पत्ता तिच्या बापापासून लपवायचा म्हणजे काय? म्हणून लिहितेय.

तिला कावीळ झाली आहे. शुक्रवारी आली तेव्हाच डोळ्यांचे कोपरे पिवळे होते. हॉस्टेलबाहेर कुठे काहीबाही खाल्लंय. मी तिला आधी डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. व्हायरल आहे, आराम आणि पथ्य, बहुतेकांना आपोआप बरं वाटतं, असं म्हणाले. घरी ठेवायला हरकत नाही.

पण पोरगी घरी येताच म्हणाली, "आत्या, अब रहस दे दो." लहान मूल चॉकलेट मागतं तसा हात पुढे केला. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पुरे. तिचं तोंड पडलं. "मतलब बाकी सबको देते आणि मला नाही? बाबा म्हणतात तेच खरं का? की तू त्यांच्यावरचा राग..."

मी पुडी दिली.

ताकातून घेतली आणि गाढ झोपली. सकाळी म्हणाली, फरक पडलाय. दोन घास जास्त जेवलीसुद्धा. तुला हे वाचून संताप येईल हे मला कळतंय. तू लहानपणी अण्णांच्या मागे लागायचास, यात काय असतं सांगा ना, आणि ते म्हणायचे, मोठा झालास की सांगेन. तू मोठा झालास, शिकलास, औषधं बनवणाऱ्या कंपनीत गेलास, आणि सांगितलं मात्र मला. तुझ्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. पण ज्या गोष्टीसाठी तू माझ्याशी बोलत नाहीस, ती गोष्ट तुला वाटते तशी नाही. कशी आहे हे सांगायला गेले तर अण्णा खोटे ठरतात. नाही सांगितलं तर मी खोटी ठरते. यातून कसं निघायचं ते मला समजत नाही, आणि ज्याला विचारावं तो तूच.

पोरीची काळजी करू नकोस. मी शाळेतून रजा घेतली आहे.

मंजिरीताई

*

२० सप्टेंबर

हृषी,

तू सुरभीला घेऊन परवा गेलास. स्टेशनवर तू माझ्याकडे बघितलं नाहीस, पण तिने डब्यातून हात हलवला. तिचा हात पुन्हा हाताच्या रंगाचा झालाय, तो बघून मी घरी आले आणि सगळं झाल्यावर पहिल्यांदा मनसोक्त रडले.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुला मी जे सांगितलं ते तू ऐकून घेतलं नाहीस. तुझी मुलगी आयसीयूत होती, तुला दोष देत नाही. पण तू पोहोचायच्या आधी काय झालं ते कोणीतरी तुला सलग सांगायला हवं.

ती सकाळ चांगली उजाडली होती. सुरभी स्वतः उठून स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या करत होते. तिने फ्रिज उघडला, हातातला मोबाइल दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि फ्रिज बंद केला. मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मम्मी, लॅब को देर हो रही है." मी म्हटलं, "अगं, मी आत्या." ती म्हणाली, "हो, तेच." आणि तिथेच खुर्चीत डोळे मिटले.

मी गॅस बंद केला. तिच्यापुढे बसले आणि विचारलं, आज वार कोणता? तिने खूप विचार केला. मग चिडली. "क्या फालतू बात पूछ रहे हो." सुरभी माझ्याशी असं कधी बोलत नाही.

मी म्हटलं, चल, हॉस्पिटलमध्ये जायचंय. ती हलेना. "नाही ना आत्या, पुडी चालू आहे माझी. आजोबांचं रहस आहे. उससे ठीक हो जाएगा." दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली. मी ओढलं तर ओरडली. अंगात ताकद नव्हती, तरी माझ्याच्याने उचलली जाईना.

तेव्हा मी तिला सांगितलं. जे तुला तीन वर्षं सांगितलं नव्हतं ते तुझ्या मुलीला, ती धड शुद्धीवर नसताना, स्वयंपाकघरात सांगितलं. "सुरभी, त्या पुडीत काही नाही गं. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आहे. खडीसाखर आणि चिमूटभर सुंठ. मी गच्चीवर वाळवते, मिक्सरमध्ये फिरवते. औषध नाही ते."

तिला किती कळलं कोण जाणे. पण तिने खुर्ची सोडली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं होतं. मग उभी राहिली आणि मुकाट माझ्याबरोबर खाली आली. मी फोन केल्यावर वॉचमनने रिक्षा थांबवून ठेवली होती.

पुढचं तुला माहीत आहे. लिव्हरने अचानक हात टेकले होते. डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले ना, वेळेवर आणलंत, उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

आणि मग तू कॉरिडॉरमध्ये मला कोपऱ्यात घेतलंस. "ताई, आता तरी सांग. त्यात काय असतं? इथल्या डॉक्टरांना कळायला हवं ती काय खात होती."

मी म्हटलं, "लाह्यांचं पीठ, खडीसाखर, सुंठ."

"माझ्या रिपोर्टमध्येही तेवढंच आलं. म्हणजे तू तिला नकली पुडी दिली होतीस."

"सगळ्यांना तीच देते."

"माझी मुलगी आत पडली आहे आणि तू अजून लपवतेस?"

हृषी, यावर मी काय बोलणार होते? मी दडवलं तेव्हा तुझा माझ्यावर विश्वास होता की माझ्याकडे काहीतरी आहे. उघड केलं तर तो विश्वासही गेला. डॉक्टरांनी मात्र ऐकून घेतलं, मान हलवली आणि कागदावर लिहिलं. त्यांना अण्णा माहीत नव्हते म्हणून असेल.

आता अण्णा काय म्हणाले ते लिहिते. तू विश्वास ठेव न ठेव.

ते म्हणाले, "मंजू, मला बापाने काही सांगितलंच नाही. उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत होते, आणि एके दिवशी ऑफिसातच वारले. त्यांच्याकडे खरंच कुठली मुळी होती की नव्हती, देवाला ठाऊक. सांगायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी दारात माणसं उभी. एक बाई पोराला कडेवर घेऊन आली होती. मी तिला परत कसं पाठवू? घरात लाह्यांचं पीठ होतं. दिलं. ते पोर बरं झालं. मग सगळेच बरे व्हायला लागले."

म्हणून मी तुला 'काही नाही' म्हटलं. त्यांनी मला खरंच काही दिलं नाही, कारण त्यांच्याकडेच काही नव्हतं.

पण थांब, एवढंच नव्हतं. पुढे ते म्हणाले, "पीठ कोणीही देईल. तू माणसाला बोलतं कर. वार विचार, गाव विचार, घरी कोण कोण आहे ते विचार. बोलण्यात घोळ दिसला, दिवसा पेंगत असला, नाकातून रक्त आलं म्हणाला, तर पुडी द्यायची नाही. हात जोडायचे आणि दवाखान्यात पाठवायचं. नाही गेला तर स्वतः न्यायचं." आपल्याला वाटायचं, अण्णा रविवारी गप्पा मारत बसतात. ते तपासत होते.

त्याला काय नाव द्यायचं? विद्या होती की फसवणूक? मी कुमुदिनीताईंना नाही विचारलं. या वेळी भीती वाटली की त्यांना उत्तर येत असेल.

मंजिरीताई

*

१४ ऑक्टोबर

हृषी,

पत्राचं उत्तर आलं नाही. सुरभीचे फोन येतात. तिला भूक लागते, ती कंटाळते, विनीता तिला तिखट देत नाही. एकदा तिने विचारलं, "आत्या, किचनमध्ये तू जे बोललीस ते खरं होतं, की मला उठवायला बोललीस?" म्हटलं, खरं होतं. ती म्हणाली, "पर मुझे सच में फरक पड़ा था."

आता काल काय झालं ते ऐक. दसरा झाला, सगळी घरं फिरून आले, आणि ठरवलं की हे आता संपवायचं. वचन एकदा मोडलंच आहे तर पूर्ण मोडू. रविवारी सकाळी खाली गेले. चांगली गर्दी होती. राऊ, मानपुर, देवास, कुठून कुठून लोक आलेले. मी उभी राहिले आणि शाळेत वर्गात बोलते तसं मोठ्याने म्हटलं, "सुनिए सब लोग. इस पुड़िया में कोई दवा नहीं है. ज्वार की धानी का आटा है, मिश्री है, सोंठ है. पीलिया ज़्यादातर आराम से, परहेज़ से अपने आप उतरता है. डॉक्टर को दिखाइए, खून की जाँच करवाइए. यह आटा घर पर भी बन जाएगा."

वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. सेक्रेटरी वर गॅलरीत दात घासत होते, त्यांचा ब्रश थांबला.

मग पुढचा म्हातारा, पांढरा साफा बांधलेला, हात जोडून म्हणाला, "ठीक है बेनजी. समझ गया. अब दे दो."

"बाबा, मैंने क्या बोला? इसमें कुछ नहीं है."

"हाँ हाँ. आपके बाबूजी, दिवाकरजी भी बताते नहीं थे."

मागून एक बाई दुसरीला समजावत होती, "असली बात ऐसे सबके सामने थोड़ी बोलेंगे."

एकसुद्धा माणूस परत गेला नाही. मी तिथे उभी, हातात पुड्यांची पिशवी, आणि मला हसावं की डोक्याला हात लावावा ते कळेना. शेवटी बसले. त्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, कौन गाँव? घर में कौन-कौन है?" तो सांगत बसला. सून, नातवंडं, एक म्हैस. बोलणं स्वच्छ होतं, डोळे जरासेच पिवळे. त्याला पुडी दिली आणि तपासणीची चिठ्ठी दिली. पाचवी-सहावी बाई आली, ती नवऱ्याचा आधार घेऊन उभी होती आणि त्याला भलत्याच नावाने हाक मारत होती; ते तिच्या भावाचं, असं तोच म्हणाला. मी उठले, नवऱ्याला म्हटलं, अभी के अभी बड़े अस्पताल. तो म्हणाला, "बस एक पुड़िया..." मी पुडी दिली नाही. रिक्षा मीच थांबवली. त्या वेळी मात्र माझ्या मनात काही गोंधळ नव्हता. रिक्षा गेल्यावर परत सुरू झाला.

आता जे खरं लिहायचं ते. आधीच्या पत्रातून मी ते गाळलं. तुझ्यासाठी गाळलं की अण्णांसाठी, ते मलाही माहीत नाही.

त्यांनी तुला बाहेर का पाठवलं ते तू कधी विचारलं नाहीस. तू धरून चाललास की त्यांनी मला निवडलं. तसं नव्हतं. मी म्हटलं होतं, "हृषीला बोलावते, त्याच्यासमोर सांगा, तो यातलाच आहे." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात तेव्हा जोर राहिला नव्हता, तरी धरलं.

"त्याला नको," म्हणाले. "तो शिकलेला आहे. त्याला कळलं की बाप जन्मभर पीठ वाटत होता, तर तो मला काय समजेल? तू समजून घेशील. त्याच्यासमोर मला लाज वाटते."

आणि मग मानपुरच्या लक्ष्मणचं सांगितलं. ढाब्यावर काम करायचा, लग्न ठरलं होतं. अण्णांनी त्याला पुडी दिली तेव्हा तो पेंगत होता. अण्णांना वाटलं प्रवासाने दमलाय. घरच्यांनी पुडीवर भरवसा ठेवून वाट बघितली आणि तो गेला. त्याची आई नंतर येऊन अण्णांच्या पाया पडली, म्हणाली, हमारे ही परहेज़ में चूक हुई होगी. त्यानंतर अण्णा एका डॉक्टरकडे जाऊन बसले आणि विचारून विचारून सगळं शिकले, कधी घाबरायचं ते. पुडी बंद केली नाही. बंद केली तर लोक दुसऱ्या कोणाकडे जातील आणि तो वार विचारणार नाही, असं त्यांना वाटायचं. हे बरोबर होतं का? तू सांग. तू यातला आहेस.

तू मोठा झालास की सांगणार होते. पण तू केमिस्ट झालास आणि मग त्यांना तोंड उघडता येईना. एवढंच होतं दाराआड. मला काही जास्त मिळालं नव्हतं, आणि तुझं काही काढून घेतलं नव्हतं.

मंजिरीताई

*

५ नोव्हेंबर

हृषी,

काल संध्याकाळी फराळाचे डबे घासत होते तेव्हा मोबाइलवर तुझा मेसेज आला. तीन वर्षांनी पहिला. बाकी काही नाही, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाहीत, फक्त एवढंच, 'अण्णा रडत होते का?'

त्याचं उत्तर मला मोबाइलवर देता येईना, म्हणून पत्र.

हो. रडत होते. लक्ष्मणचं सांगताना नाही, तेव्हा ते कोरडे होते. तुझं नाव आलं तेव्हा रडले. आवाज न करता, तोंड भिंतीकडे करून. मी दाराकडे निघाले तर म्हणाले, "थांब," आणि मला उशीच्या अभ्र्याने त्यांचे डोळे पुसायला लावले. नीट पुसलेत का म्हणून दोनदा विचारलं. केस सारखे करायला लावले. मग म्हणाले, "आता त्याला आत घे."

तू आत आलास आणि विचारलंस, "अण्णा, पाणी देऊ का?" ते म्हणाले, "दे." ते पाणी ते सगळं प्यायले होते, आठवतं? दोन दिवस घोटही जात नव्हता. मी बघत होते.

सुरभी म्हणते, तिला परत कॉलेजला सोडायला तू येणार आहेस, विनीता नाही. आलास तर शनिवारी माझ्याकडेच उतर. तिची खोली झाडून ठेवते, तू बाहेरच्या पलंगावर झोप. आणि रविवारी सकाळी लगेच निघू नकोस. माझ्याबरोबर खाली ये, खुर्चीवर बस. पुड्यांचं तुझं तू ठरव, बंद करा म्हणालास तर आपण त्यावर भांडू. पण नुसता पिवळा झालेला माणूस आणि आतून बिघडलेला माणूस यांत फरक कसा दिसतो, ते मी तुला दाखवते. मला ते पत्रात लिहायला जमत नाहीये. तीनदा लिहून खोडलं.

ताई